शिवाराला शहर भिडते तेव्हा: नागपूरभोवतालच्या शेतकऱ्यांसाठी कागद, हरकती आणि मोबदल्याची वाट

नागपूरभोवतालची शेतजमीन एकाच वाटेने जात नाही. मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांची जमीन शासनाने संपादित केली. समृद्धी महामार्गासाठी हिंगणा तालुक्यातील शिवमडक्यापासून पुढे बरीचशी जमीन थेट खरेदीने घेतली गेली. आणि वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोड यांच्या दोन्ही अंगांना कितीतरी वावरे कोणत्याही अधिसूचनेशिवाय, निव्वळ बयाणापत्रांवर (आगाऊ रकमेच्या करारांवर), ले-आऊटमध्ये गेली. चौथी वाट सहसा लक्षात येत नाही. जमीन कास्तकाराच्याच नावावर राहते, तो ती वाहतही असतो, पण विकास आराखड्यात तिच्यावर रस्ता किंवा उद्यान दाखवलेले असते आणि त्यामुळे तिला ना धड गिऱ्हाईक मिळते ना बँक कर्ज देते.

या चारही वाटांचे कायदे वेगळे आणि मुदती वेगळ्या आहेत. समान गोष्ट एकच आहे: हातात किती पडणार हे निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) दिवशी ठरत असल्याचे भासते, प्रत्यक्षात ते त्याआधीच्या तीन-चार वर्षांत सातबाऱ्यावर, फेरफारावर आणि गावातील खरेदीखतांवर काय लिहिले गेले यावर बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून पुढील सूचना नोटीस येण्याची वाट न पाहता, पीक उभे असतानाच अमलात आणावयाच्या आहेत.

आपले वावर आराखड्यात कुठे आहे

नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे एनएमआरडीएच्या, क्षेत्रात सातशेहून अधिक गावे येतात. त्यांच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती आल्या होत्या, आणि तरीही आपल्या गटावरून रस्ता जातो हे मोजणीचे खांब रोवले गेल्यावरच कळलेले शेतकरी आजही भेटतात. आराखडा अंतिम झाला म्हणजे तो गोठला असेही नाही. फेरबदल होतात, नवे प्रकल्प जोडले जातात. हिंगणा तालुक्यातील गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) येथील सुमारे ६९२ हेक्टर जमिनीवर ‘नवीन नागपूर’ उभारण्यास २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, हे त्याचे ताजे उदाहरण.

यासाठी दोन कागद मागावेत: झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यावर आपला गट कृषी पट्ट्यात आहे, रहिवासी पट्ट्यात (लोकांच्या भाषेत ‘यलो बेल्ट’मध्ये) आहे की आरक्षणाखाली, हे लिहून मिळते, भाग नकाशावर रस्त्याची रुंदी आणि आरक्षणाची हद्द दिसते. गावातील दलालाच्या मोबाइलवरील रंगीत नकाशावर विसंबून कोणताही व्यवहार करू नये. आराखड्याचा किंवा फेरबदलाचा मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो, आणि हरकत घेण्याची मुदत त्या सूचनेतच दिलेली असते. हरकत गटनिहाय लिहावी. ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे’ अशी शंभर सह्यांची एकच हरकत सुनावणीत फारशी टिकत नाही. ‘गट क्रमांक अमुकमधील विहीर आणि संत्र्याची बाग प्रस्तावित रस्त्याच्या मध्यरेषेवर येते, उत्तरेस पन्नास मीटरवर पडीत जमीन उपलब्ध आहे’ असे नकाशासह लिहिलेले एक पान अधिक काम करते. पोच घेतल्याशिवाय ते पान देऊ नये.

आरक्षण पडून जमीन नुसतीच अडकली असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ उपयोगी पडते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कायदेशीर पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत (आपोआप रद्द) होते. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडलेले नसतील तर ती ग्राह्य धरली जात नाही, म्हणून हे काम वकिलाकडूनच करून घ्यावे.

सातबारा नीट करणे

गावोगावी आढळणारी स्थिती अशी असते: सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वाटणी तोंडी, एका काकांनी आपला हिस्सा साध्या कागदावर विकलेला, आत्यांची नावे कधी लागलीच नाहीत. शेती करताना याने काही अडत नाही. संपादनाच्या वेळी मात्र सगळे अडते, कारण वाद असलेल्या हिश्श्याची रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि कुटुंब वर्षानुवर्षे तारखा करत बसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार करण्यास बंदी असते, तेव्हा वारस नोंद आणि वाटणी त्याआधीच झालेली बरी. मुलींचा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने मुलांच्या बरोबरीचा आहे. त्यांची नावे वगळून केलेली वाटणी पुढे न्यायालयात उघडी पडते, आणि तेव्हा भावाबहिणींचे बोलणेही बंद झालेले असते.

वारस नोंदीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (जुन्या नावाने तलाठ्याकडे) अर्ज करावा. सहहिस्सेदारांच्या संमतीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून करून घेता येते. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम कराव्यात. नकाशावरील क्षेत्र, सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) आतले प्रत्यक्ष क्षेत्र यांत फरक निघणे आपल्याकडे नवे नाही, आणि मोबदला कागदावरील क्षेत्राचा मिळतो.

नंतर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे तसाच उभा असतो. विहिरीची आणि बोअरची नोंद मात्र बहुधा नसते. भोगवटदार वर्ग २ ची (शासनाच्या अटींवर धारण केलेली) जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने आहेत. रामटेक, पारशिवनीकडे हे विशेष पाहावे. विदर्भात आणखी एक नोंद तपासावी लागते, ती झुडपी जंगलाची (खुरट्या झुडपांच्या जमिनीची). सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी ठरवल्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना काही संरक्षण आहे, पण अशी नोंद असलेल्या गटाचा व्यवहार वाटपाचा मूळ आदेश पाहिल्याशिवाय करू नये.

पिकांची नोंद आता शेतकऱ्याने स्वतःच करावयाची असते. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर वावरात उभे राहून छायाचित्रासह पीक नोंदवावे लागते, आणि ज्यांनी ते केले नाही त्यांच्या सातबाऱ्यावर संत्र्याची फळबाग असतानाही रकाना कोरा दिसतो. हंगाम सलग नोंदवलेले असतील तर ‘ही जमीन पडीतच होती’ असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही. फळझाडे, सागाची झाडे, विहीर, ठिबक, वीजजोडणी या सर्वांची नोंद आणि त्यांच्या पावत्या एका फाइलीत ठेवाव्यात.

ले-आऊटवाला दारात आला तर

ज्याला पैशाची खरोखर गरज आहे आणि ज्याची पुढची पिढी शेती करणार नाही हे स्पष्ट आहे, त्याने जमीन विकण्यात गैर काही नाही. त्याला ‘जमीन आई आहे’ असे सुनावणारे लोक मुलीच्या लग्नाच्या वेळी पैसे घेऊन येत नाहीत. प्रश्न विकावी की नाही यापेक्षा कोणत्या कागदावर विकावी हा आहे.

नेहमीची पद्धत अशी: थोडा बयाणा देऊन नोंदणी नसलेले बयाणापत्र करायचे, सोबत आममुखत्यारपत्र घ्यायचे, वावरात मुरुमाचे रस्ते टाकून चुन्याने प्लॉट आखायचे आणि प्लॉटधारकांच्या हप्त्यांतून शेतकऱ्याचे पैसे भागवायचे. प्लॉट विकले गेले नाहीत की हप्ते थांबतात. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच असल्यामुळे फसलेले प्लॉटधारक त्यालाही प्रतिवादी करतात. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे अनधिकृत ले-आऊटच्या संख्येचे आकडे नुसते उच्चारले तरी त्यांचा अख्खा इतिहास डोळ्यांसमोर येतो. गुंठेवारीत नियमित होण्यासाठी आणि आरएल (नियमितीकरणाचे पत्र) मिळवण्यासाठी लोकांनी जोडे झिजवले आहेत.

म्हणून बयाणापत्र नोंदणीकृतच करावे. त्यात एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, आणि हप्ता चुकल्यास करार रद्द होऊन ताबा शेतकऱ्याकडेच राहील ही अट स्पष्ट लिहावी. पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नये, आणि विक्रीचे अधिकार देणारे आममुखत्यारपत्र मुळीच देऊ नये. एनए-टीपी (अकृषक वापराची आणि नगररचनेची) मंजुरी आणण्याची जबाबदारी आणि खर्च कोणाचा, हेही लिहावे. विकसित प्लॉटच्या रूपाने हिस्सा घ्यायचा असेल तर मंजूर नकाशावरील प्लॉट क्रमांक करारात यायला हवेत. ‘एकूण क्षेत्राच्या इतके टक्के’ एवढेच लिहिले तर नाल्याकाठचे आणि उच्चदाब वाहिनीखालचे प्लॉट वाट्याला येतात.

खरेदीखतावर खरी रक्कमच लिहावी. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी अर्धी रक्कम रोखीने घेण्याची जी सवय आहे, तिचा फटका साऱ्या गावाला बसतो. तो कसा, ते पुढे येते.

शासन जमीन घेते तेव्हा

प्रथम कोणत्या कायद्याखाली संपादन आहे ते नोटिशीवरून पाहावे. २०१३ च्या कायद्याखाली कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली फक्त २१ दिवस मिळतात आणि मोबदल्याचा वाद लवादापुढे जातो. राज्य महामार्ग आणि एमआयडीसी यांचे कायदे आणखी वेगळे आहेत. ही तपासणी करण्यातच दोन आठवडे घालवले तर महामार्गाची मुदत हातची गेली असे समजावे.

मोबदल्याचे गणित शेतकऱ्याने स्वतः मांडता आले पाहिजे. कायदा बाजारमूल्य काढताना वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, आणि परिसरातील मागील ३ वर्षांच्या खरेदीखतांतील वरच्या निम्म्या खतांची सरासरी या दोहोंतील जास्त रक्कम धरतो. संमतीने ठरलेली रक्कम असेल तर तीही विचारात येते. गावातील प्रत्येकाने खत निम्म्या रकमेचे केले असेल तर ही सरासरीही निम्मी निघणार, आणि त्या वेळी ‘खरा भाव दुप्पट होता’ असे सांगून उपयोग नसतो. दुय्यम निबंधक कार्यालयातून अशा खतांच्या नकला स्वतः काढून, त्यांची यादी करून भूसंपादन अधिकाऱ्याकडे दाखल करावी. त्यांच्याकडील यादीत चांगल्या भावाची खते असतीलच असे गृहीत धरू नये.

हे मूल्य ग्रामीण भागात १ ते २ च्या गुणांकाने गुणले जाते, त्यात झाडे, विहीर, गोठा यांचे मूल्य मिळवले जाते, आणि येणाऱ्या बेरजेइतकीच रक्कम दिलासा रक्कम म्हणून वर मिळते. समजा, जमिनीचे मूल्य २० लाख आणि गुणांक २ असेल तर ४० लाख झाले. बागेचे व विहिरीचे १० लाख धरले तर ५०. दिलासा रकमेसह १ कोटी. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, यांतील जी तारीख आधी येईल तोपर्यंत, बाजारमूल्यावर दर साल १२ टक्के. थेट खरेदीत राज्य शासन २५ टक्के वाढ देत आले आहे, आणि समृद्धीच्या वेळी गाजलेला ‘पाचपट’ हा शब्द याच गणितातून आला: एकाचे दोन, दोनाचे चार, आणि चारावर पाव हिस्सा. गुणांक सर्व प्रकल्पांना सारखा नसतो. शहरी हद्दीत तो १ असतो. हुडकेश्वर-नरसाळ्यासारखे गाव महापालिकेत येते किंवा ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, तेव्हा रस्ते-दिव्यांच्या चर्चेत हा परिणाम कोणी सांगत नाही. लागू केलेला गुणांक आणि त्याचा आधार लेखी विचारावा.

संयुक्त मोजणीचा दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि त्या दिवशी घरातील जाणत्या माणसाने स्वतः हजर राहावे. भूमी अभिलेखचा भूकरमापक, संपादन करणाऱ्या यंत्रणेचा माणूस आणि महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी सोबत येतात. एका दिवसात बरेच गट उरकायचे असल्याने धुऱ्यावर उभे राहून ‘झाडे किती’ असे विचारून आकडा लिहिण्याकडे कल असतो. संत्रा सहा मीटरवर लावला असेल तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, आणि तोंडी सांगितलेल्या ‘अडीचशेएक’ मध्ये सत्तावीस झाडे तिथेच बुडतात. आदल्या दिवशी ओळीनिहाय झाडे मोजून खोडावर गेरूने क्रमांक टाकावेत. वयाचा रकाना रिकामा सोडू देऊ नये, कारण संत्र्याला पाच-सहा वर्षांनी फळ धरते आणि फळावर आलेल्या झाडाचे मूल्य कलमाच्या मूल्याहून कितीतरी जास्त असते; लागवडीची नर्सरीची पावती किंवा अनुदानाचा आदेश तिथेच दाखवावा. आंबिया आणि मृग असे दोन्ही बहर घेत असल्यास तसे लिहून घ्यावे. जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही म्हणून सुटते, तेव्हा दोन ठिकाणी खोदून ती उघडी करून ठेवावी. विहिरीची खोली, बांधकाम आणि मोटरची अश्वशक्ती नोंदवावी. मोजणीपत्रकावर सही करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे, आणि काही सुटले असेल तर सहीच्या वर ‘अमुक नोंद राहिली आहे’ असे लिहूनच सही करावी.

रस्ता वावराच्या मधून जात असेल तर उरलेल्या तुकड्याचाही विचार मागावा. विहीर एका अंगाला आणि ओलित दुसऱ्या अंगाला पडले, तर त्या विभागणीचे नुकसान मोबदल्यात धरण्याची तरतूद कायद्यातच आहे, पण ते मागितल्याशिवाय कोणी मोजत नाही. रस्त्याखालून पाइप नेण्यासाठीची जागा आणि बैलबंडी, ट्रॅक्टर जाईल एवढा मार्ग यांची मागणी काम सुरू होण्यापूर्वीच लेखी द्यावी.

निवाडा मान्य नसेल तर रक्कम घ्यावी, पण ‘हरकत राखून’ असे लिहूनच घ्यावी. हे शब्द नसतील तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा संदर्भ अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असल्यास ६ आठवड्यांत द्यावा लागतो. हजर नसल्यास नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतील आधी संपणारी मुदत धरावी. ज्याने अर्जच केला नाही त्यालाही एक संधी असते: त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाने वाढ दिली, तर त्या निर्णयापासून ३ महिन्यांत कलम ७३ खाली तीच वाढ मागता येते. थेट खरेदीचे खत किंवा संमतीचा करार केल्यावर मात्र हा मार्ग बहुधा बंद होतो, म्हणून त्या २५ टक्क्यांची तुलना संभाव्य वाढीशी करूनच निर्णय घ्यावा.

ज्यांच्या नावावर जमीन नाही

मक्त्याने (ठरावीक रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) वाहणारे, सालदार आणि शेतमजूर हे २०१३ च्या कायद्याच्या दृष्टीने ‘बाधित कुटुंब’ ठरू शकतात, जर संपादनापूर्वीची ३ वर्षे त्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर असेल. पुनर्वसनाच्या परिशिष्टात नोकरी, एकरकमी ५ लाख रुपये किंवा २० वर्षे दरमहा किमान २,००० रुपये यांतील एक पर्याय दिलेला आहे. अडचण पुराव्याची असते. मक्ता तोंडी असतो, आणि कुळ लागेल या भीतीने मालक काही लिहून देत नाही. तरीही ग्रामसभेचा ठराव, नागपूरच्या कॉटन मार्केट किंवा कळमना बाजारातील अडत्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), कृषी केंद्राची बिले, एवढे गोळा करता येते, आणि सामाजिक परिणामांच्या पाहणीच्या वेळी आपले नाव यादीत घालून घेता येते. काही प्रकल्पांना ही पाहणी माफ असते. तिथे स्वतंत्र अर्ज करावा. हा अर्ज मालकाने मजुराला लिहून द्यावा, कारण बहुतेक ठिकाणी तो दुसरे कोणी लिहून देत नाही.

शेजारी शहर आले, वावर मात्र राहिले

ज्याला विकायचे नाही त्याचाही त्रास सुरू होतो. ले-आऊटवाला नाला बुजवतो, काळ्या जमिनीत पाणी तुंबते आणि सोयाबीन पिवळे पडते. किंवा पांदण रस्त्यावर कुंपण येते. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे अडथळा दूर करण्याचा दावा करता येतो, पण तो अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. पांदण, गुरचरण, पाणवठा यांचे पुरावे विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या, गावाचे सामाईक हक्क व वहिवाटी नोंदवणाऱ्या, दोन अभिलेखांत मिळतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षातून आताच काढून ठेवावेत.

शहर जवळ आल्याचा फायदा एकाच शेतीला होतो, ती भाजीपाल्याची आणि दुधाची. कापूस, तुरीला त्याने काही फरक पडत नाही, मजुरी मात्र वाढते. टिकून राहायचे ठरवले असेल तर पीकपद्धती बदलण्याची तयारी ठेवावी.

पैसे आल्यावर

सक्तीच्या संपादनाचा २०१३ च्या कायद्याखालील मोबदला प्राप्तिकरातून मुक्त आहे. खासगी विक्रीचे तसे नाही. नागपूरची लोकसंख्या दहा लाखांहून जास्त असल्यामुळे महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतील शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागतो. लहान नगरपालिकांसाठी हे अंतर कमी आहे. २ वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास अटींवर सूट मिळते, तोवर रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. सनदी लेखापालाचा सल्ला खरेदीखतापूर्वी घ्यावा.

सर्व जमीन एकदम देऊ नये. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी मुळात शेतकरी असावे लागते, आणि शेवटचा एकर विकणाऱ्याला पुढे भिवापूर किंवा नरखेडकडे वावर घेताना हीच अडचण येते. संपादनात सगळीच जमीन गेली असेल तर निवाड्याची प्रत, जुने सातबारे आणि प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र जपून ठेवावे. या प्रमाणपत्रावर शासकीय सेवेतील गट क व गट ड च्या पदांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते कुटुंबातील कोणी वापरायचे हे अर्ज करण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे.

नवी जमीन पाहायला मे महिन्यात जावे. पावसाळ्यानंतर प्रत्येक विहीर भरलेली दिसते. सातबाऱ्यासोबत शेजारच्या धुरेकऱ्यांना भेटावे, रस्त्याचा हक्क कागदावर आहे का ते विचारावे, आणि तिथलाही झोन दाखला आधी काढून घ्यावा.